पोथीमागची पानं

आमच्या गावात लिहिलेला कागद तीन ठिकाणी सापडायचा. एक पटवाऱ्याच्या दप्तरात, दुसरा जंगलखात्याच्या नाकेदाराच्या खिशात आणि तिसरा मारुतीच्या देवळातल्या पोथीत. पहिल्या दोघांना गाव भ्यायचं आणि तिसऱ्याच्या पाया पडायचं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीनं तिन्ही कागद सारखेच होते: त्यात आपल्याविषयी काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते बदलणं आपल्या हातात नाही. गाव आलापल्लीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. चहूकडे सागाचं जंगल, मध्ये पन्नासेक घरं, धानाच्या बांध्या, एक बोडी म्हणजे छोटं तळं, आणि हा मारुती. लठ्ठे वाहणाऱ्या गाड्यांची चाकं पहाटेपासून कुरकुरत जायची, आणि त्या आवाजात आमची सकाळची आंबील शिजायची.

पोथी वाचायचे माझे बाबा. बाबा शेतकरीच, पण अहेरीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेले, आणि जोडाक्षर दिसलं की न घाबरणारा गावात तेवढा एकच माणूस. माघात धान कोठीत पडलं की सात दिवस दुपारची पोथी लागायची. सुट्या, लांबट पानांची पोथी, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून लाल फडक्यात बांधलेली. ती उघडली की कापूर, हळद आणि उंदराच्या लेंड्या यांचा मिळून एक वास यायचा. मला आजही धार्मिक वाटायचं असलं तर तोच वास आठवावा लागतो. युद्धं, शाप, स्वयंवरं चालू असताना माणसं सुपारी कातरत, बाया वाती वळत, अर्धे लोक खांबाला टेकून डुलक्या घेत. सहाव्या दिवशी मात्र सूर्याचा वंश लागायचा. म्हणजे अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र ढमका, असं तासभर. मध्ये गोष्ट नाही, भांडण नाही, साधा एक राक्षससुद्धा नाही. आणि त्याच दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नसायची. बाहेरगावचा कुणी आला तर आमची भक्ती पाहून थक्क व्हायचा.

भक्तीचं कारण पोथीच्या मागच्या बाजूला होतं. कुणा जुन्या वाचकानं पोथीच्या शेवटी कोरी पानं जोडून ठेवली होती आणि त्यावर गावातल्या प्रत्येक घराचा वंश लिहायची रीत पाडली होती, एका घराला एक पान. सूर्याचा वंश वाचून झाला की न थांबता गावाचा वंश वाचायचा. ज्या घराची सात नावं भरतील त्या घरच्या कर्त्याला प्रसाद पहिल्या फेरीत मिळायचा, ज्याची कमी भरतील त्याला लेकरांच्या फेरीत. प्रसाद म्हणजे गूळ-खोबऱ्याचा चिमूटभर तुकडा. पण त्यासाठी चांगली घोड्याएवढी माणसं वर्षभर पूर्वज शोधत हिंडायची. एका तेल्याला सहावा पूर्वज स्वप्नात दिसला. एकानं सासऱ्याच्या घरचे दोन उसने आणले. बाबांचा नियम कडक होता. तो पूर्वज तुम्ही पाहिला पाहिजे, किंवा ज्यानं पाहिला त्याच्या तोंडून ऐकला पाहिजे; स्वप्न चालणार नाही. पोथीत खोटं गेलं तर पोथी खोटी होते, असं ते म्हणत. बाबा एरवी मवाळ होते, माय ओरडली की गोठ्यात जाऊन बसायचे, पण बोरू हातात आला की त्यांचा न्यायाधीश व्हायचा.

या पानांमध्ये मी नव्हते, माझी थोरली बहीण शेवंता नव्हती, माय नव्हती. पोथीच्या हिशेबानं जगात बाया नव्हत्याच. सूर्यापासून आमच्या तेल्यापर्यंत सगळे पुरुष एकमेकांना जन्म देत आले होते. लहानपणी मला हे खटकलं नाही. आज खटकतं असंही नाही, आज हसू येतं.

गावचे मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे जुने गावमालक, मात्र या रीतीवर रुसून होते. मालगुजारी नुकतीच सरकारजमा झाली होती. वाड्यावर पूर्वी सकाळी जी गर्दी व्हायची ती आता पटवाऱ्याच्या ओसरीवर होऊ लागली, आणि मालगुजारांच्या हाती राहिलं काय, तर बसायचा झोपाळा आणि पूर्वज. त्यांनी दरसाल तट्टावरून येणाऱ्या भाटाला पंधरा दिवस ठेवून घेतलं, आणि भाटानं आपल्या वहीतून त्यांना अकरा नावं काढून दिली. अकरावा थेट राजा होता. भाटाचे वाडवडील दरसाल येऊन समक्ष पाहून लिहीत आले, म्हणून ही नावं बाबांनी नियमात धरली. मालगुजारांचं म्हणणं एवढंच की आपलं पान मागे, तेल्याच्या आणि कोष्ट्याच्या पानांत नको. ते सूर्यवंशाच्या शेवटच्या पानाला लागून ठेवावं आणि मध्ये श्वास न घेता वाचावं. उरलेलं ऐकणारे समजून घेतील. बाबांनी हात जोडून नाही म्हटलं. तेव्हापासून मालगुजार पोथीला यायचे बंद झाले आणि रस्त्यात बाबा दिसले की झाडांकडे पाहू लागले.

आता आमच्या घरचं पान. त्यावर दोनच नावं होती: गणू, त्याचा पुत्र नारायण. नारायण म्हणजे बाबा. वर सगळं कोरं. साऱ्या गावाचे पूर्वज तपासून घेणाऱ्या माणसाला स्वतःला लेकरांच्या फेरीत प्रसाद घ्यावा लागायचा, आणि बाबा तो ओंजळ पसरून, अगदी समाधानानं घ्यायचे. मायचा त्या वेळचा चेहरा मला आठवतो.

गणू, म्हणजे माझे आजोबा, कुठल्याशा दुष्काळात अहेरीच्या बाजारात मोहाच्या झाडाखाली सापडले होते. तीनचार वर्षांचं पोर, पोट पुढे आलेलं, सांगायला नाव सोडून काही नाही. जुरी नावाची एक गोंडाची बाई टोपलीत मोहफुलं घेऊन बाजाराला आली होती; ती फुलं विकून, रिकाम्या टोपलीत पोराला बसवून घरी घेऊन गेली. तिनं त्यांना वाढवलं. मोठे झाल्यावर तिनं आपली एकुलती एक तांबडी गाय दिली आणि सांगितलं, जा, शेती कर. आजोबा या गावात आले, रान मोडलं, धान लावलं. मोजणीला आलेल्या पटवाऱ्यानं विचारलं, काय करतोस. आजोबा म्हणाले, शेती. पटवाऱ्यानं लिहिलं, कुणबी. इतक्या सोप्या रीतीनं आम्ही कुणबी झालो. पुढे त्याच लिहिण्यावर आजोबांना बायको मिळाली, बाबांना माय मिळाली, आणि कुणी काही विचारलं नाही. बाबांनी हे सगळं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते नियमात बसत होतं, पण जुरी बाई होती, तेव्हा पोथीच्या शिस्तीत बसत नव्हती.

आणखी एक पान आमच्या घरचं होतं. ते मी आता सांगते, कारण पुढचं सगळं त्या पानानं केलं. एका पावसाळ्यात, नदीला पूर येऊन आठवडाभर घरी बसावं लागलं तेव्हा, बाबांनी आमच्या बैलांचा वंश लिहून काढला. त्यांना वंश लिहायची हौस फार, आणि स्वतःचा दोन नावांत संपलेला. बैलांचा मात्र त्यांना खडानखडा ठाऊक होता. जुरीच्या तांबड्या गाईपासून गोठ्यातल्या शंकरपर्यंत सात बैल झाले होते. माणसाला सात पिढ्यांना दोनशे वर्षं लागतात, बैलांनी ते चाळीसेक वर्षांत उरकलं. बाबांनी तो पोथीच्या थाटात लिहिला. सर्जा, सर्जाचा पुत्र मोती, मोतीचा पुत्र धवल, असा. पोथीत आया येत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्या गाई गाळल्या. खरं पाहिलं तर सर्जा हा मोतीचा मामा होता, मोती धवलचा मामा होता, आणि सातही जण वयात येताच खच्ची केलेले असल्यामुळे त्यांच्यातल्या कुणालाही बाप होणं शक्य नव्हतं. पण लिहिल्यावर तो वंश इतका भारदस्त दिसला की बाबांनी ते पान कौतुकानं पोथीत ठेवून दिलं. दोन्ही पानांच्या डोक्यावर एकच मथळा होता: आपल्या घरचा वंश. बाबांच्या मनात त्यात काही खोटं नव्हतं.

शेवंता अठराची झाली होती. त्या काळात, त्या भागात, अठरा म्हणजे आयाबायांनी आवाज खाली करून विचारायचं वय. दोन ठिकाणं येऊन गेली होती. दोन्ही ठिकाणी सगळं पसंत पडलं, आणि दोन्ही वेळा गणूचा बाप कोण या प्रश्नाशी गाडी अडली. तिसरं ठिकाण ब्रह्मपुरीकडचं होतं. मुलगा शाळामास्तर. अहेरीत एका लग्नात त्याचं आणि शेवंताचं नुसतं पाहणं झालं होतं, पंगतीत वरण वाढताना. तेव्हापासून शेवंता भाकरी थापता थापता थांबायची आणि भाकर करपायची. मुलाला वडील नव्हते, काका होते, गुलाबराव. ते कुठल्याशा कचेरीत कारकुनी करून नुकतेच घरी बसले होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासल्यामुळे माणसाला जन्म आई देते यावर त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता. तो दाखल्यानं होतो असं त्यांचं मत होतं. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचा आग्रह नाही, फक्त सात पिढ्या लिहिलेल्या दाखवा. तुमच्या गावच्या पोथीत घराण्यांचे वंश लिहिलेले असतात असं ऐकतो, तेव्हा वंशाच्या दिवशीच येतो, पोथीही ऐकणं होईल.

त्या निरोपानंतर आमच्या घरात चार दिवस नीट जेवण झालं नाही. मायचं मागणं साधं होतं. बोरू तुमच्या हातात, शाई तुमच्या दौतीत, पाच नावं लिहा. वर चढून कोण पाहायला जाणार आहे? मालगुजारांना भाटानं अकरा दिले, तुम्हाला पोरीसाठी पाच सुचत नाहीत? बाबा म्हणाले, "ज्या पोथीवर हात ठेवून गाव शपथ घेते, तिच्यात म्या खोटं लिहू काऊन? उद्या मले लोकायले तोंड दाखवा लागते." माय म्हणाली, तोंड दाखवायला घरात जागा उरली तर ना. बाबा गोठ्यात गेले. शेवंता रोजच्यासारखी लाखोळीची डाळ निवडत बसली, आणि निवडलेले खडे पुन्हा डाळीत टाकत राहिली. मी तिच्याशेजारी बसले होते. मला तेव्हा वाटलं, हे तिसरं मोडलं तर ही आता जन्मभर अशीच डाळ निवडत बसेल. मला फार भीती वाटली, आणि बाबांचा रागही आला.

मी बारा वर्षांची होते. बाबांनी मला जोडाक्षरांसकट वाचायला शिकवलं होतं, आणि त्या वर्षी पाचव्या दिवशी त्यांचा घसा बसला. आवाजच निघेना. पोरीनं पोथी वाचावी का यावर देवळात पुष्कळ चर्चा झाली. पण दुसरं कुणी वाचणारं नव्हतं, आणि वंशाचा दिवस चुकवला तर प्रसादाच्या फेऱ्या कशा ठरवायच्या, हा प्रश्न धर्मापेक्षा मोठा निघाला. शेवटी ठरलं, वाचू दे. बाबांनी मला सहाव्या दिवशी सकाळी, बैलांना पाणी दाखवताना, घोगऱ्या आवाजात सांगितलं की आपलं पान येईल तेव्हा जे आहे तेच वाच. दोनच नावं वाच आणि पुढं जा.

पाहुण्यांना आलापल्लीहून आमच्याच गाडीनं आणलं. गाडीला शंकर होता. गुलाबराव उतरले, धोतर झटकलं, शंकरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की बैल मोठा सुलक्षणी आहे. त्यांच्या काखेत काळ्या पुठ्ठ्याची वही होती. मास्तर मुलगा पाठीमागून उतरला आणि त्यानं घराच्या सगळ्या खिडक्यांकडे एकदा पाहून घेतलं. मायनं उडदाचे वडे, तांदळाची खीर आणि जवसाची चटणी केली होती. गुलाबरावांनी वडे सात खाल्ले. सात या आकड्यावर त्यांची श्रद्धा असावी.

देवळात त्या दुपारी मालगुजारही आले. पोथीवरचा रुसवा त्यांनी पाहुण्यांपुरता बाजूला ठेवला होता, किंवा आमची फजिती बघायला आले होते. बाबांनी त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली. मी पाटावर बसले. सूर्याचा वंश मी एका दमात वाचला. नावं इतकी अवघड होती की शेवटी शेवटी मला त्या राजांची कीव आली, त्यांच्या आयांनी त्यांना हाका कशा मारल्या असतील. मग मागची पानं सुरू झाली. तेली झाला, कोष्टी झाला, मालगुजारांचे अकरा झाले, आणि आमच्या घरचं पान आलं.

गेली साठ वर्षं मी ही गोष्ट सांगताना म्हणत आले की पानं सुटी होती, मथळा एकच होता, चुकून दुसरं हाती आलं. आता लिहितेच आहे तर खरं लिहिते. दोन नावांचं पान वरच होतं. मी ते पाहिलं. खाली त्याच मथळ्याचं दुसरं पान दिसलं, त्यावर नावांची ओळ लांबलचक होती. मला वाटलं, बाबा विरघळले. मायच्या बोलण्यानं त्यांनी गुपचूप दुसरं पान लिहून ठेवलं, आणि मला उघड सांगायची लाज वाटली म्हणून दोन नावांचं बोलले. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. मी वरचं पान खाली सरकवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. सर्जा. सर्जाचा पुत्र मोती. मोतीचा पुत्र धवल.

मोतीपाशीच देवळातल्या सुपाऱ्या थांबल्या होत्या. धवलपाशी एक म्हातारा खोकला. मी यांच्यातल्या कुणालाच पाहिलेलं नव्हतं, ते माझ्या कळत्या वयाआधीचे. धवलचा पुत्र माणिक, माणिकाचा पुत्र हिरा. गावातल्या प्रत्येक माणसाची कधी ना कधी यांच्यातल्या एकाशी गाठ पडली होती. कुणाची गाडी चिखलातून काढलेली, कुणाचं शेत त्यांनी नांगरलेलं, कुणाच्या वांग्यांच्या वाफ्यात शिरून मार खाल्लेला. हिराचा पुत्र राजा, आणि इथं माझ्या जिभेला कळलं. राजा मी पाहिला होता. राजाच्या पाठीवर बसून मी बोडीवर गेले होते. पण वाक्य सुरू झालेलं होतं आणि पोथीत वाक्य अर्धं सोडता येत नाही. राजाचा पुत्र शंकर, असं मी म्हणाले, आणि बाहेर चिंचेखाली बांधलेल्या शंकरनं घंटा वाजवली. तो माशी उडवत होता.

शंभर माणसं देवळात होती आणि एकही हसलं नाही. हसले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. कोष्ट्यानं पागोट्याचं टोक तोंडात कोंबलेलं मी पाहिलं. बाया भिंतीकडे तोंड करून बसल्या, त्यांचे खांदे हलत होते. बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते काहीतरी बोलायला उठले, ओठ हलले, आणि घशातून नुसती हवा आली. गुलाबराव वहीत भराभर लिहून घेत होते, आणि शंकरच्या खाली नारायण हे नाव त्यांनी आपणच जोडलं. लिहून झाल्यावर त्यांनी समाधानानं चष्मा काढला आणि गावातला थोर माणूस कोण हे पागोट्यावरून ओळखून मालगुजारांना विचारलं की हा वंश तुमच्या माहितीतला आहे ना, एखादा तुम्ही समक्ष पाहिलेला?

मला अजून तो क्षण जसाच्या तसा दिसतो. मालगुजारांच्या एका शब्दावर शेवंताचं आयुष्य टांगलेलं होतं, आणि बाबांनी त्या माणसाला सूर्याला टेकू दिलं नव्हतं. शेवंता बायकांत, खांबाआड, डोळे मिटून बसली होती. मालगुजारांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

"सर्जाले म्या लहानपणी सोता पाह्यलं हाय जी," ते म्हणाले. "असा सरळ जीव या गावात पुन्हा नाई झाला. आमच्या वाड्याचे लठ्ठे त्यानंच वाहून आणले."

गुलाबरावांना गहिवरून आलं. एवढं मोठं घराणं आणि अंगमेहनतीची लाज नाही, हे त्यांनी वहीत वेगळं टिपून घेतलं. त्या दिवशी प्रसाद वाटताना बाबांना पहिल्या फेरीत बसवलं. गावानं त्यांना अक्षरशः दंडाला धरून बसवलं. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि तोंडात न टाकता धोतराच्या सोग्यात बांधला. शेवंताचं लग्न ठरलं.

पाहुणे मुक्काम न करता एका नातेवाइकाच्या गाडीनं त्याच्याकडे गेले, आणि त्यांची गाडी बोडीच्या वळणाआड गेल्यावर गाव जे हसायला लागलं ते पुढे दोन वर्षं हसत होतं. लोक शंकरला रामराम आजोबा म्हणायचे. माय तर चुलीपुढे बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग तसंच पाणी येत राहिलं आणि हसू गेलं. बाबा मला रागावतील म्हणून मी कोठीमागे लपले होते. ते रागावले नाहीत. सोग्यातला प्रसाद त्यांनी शंकरला चारला आणि त्याच्या गळ्याला हात घालून उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा खरखरत्या आवाजात एवढंच म्हणाले, "तुह्या आजाचं नाव घ्याचं राह्यलं ना वो."

मला त्या वेळी मार खाणं परवडलं असतं.

फाल्गुनात लग्न झालं. वरपक्षानं ब्रह्मपुरीहून भटजी आणले होते, आणि कन्यादानात तीन पिढ्यांचा उच्चार करायचा असतो हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुलाबरावांनी वही उघडून भटजींना नावं सांगितली. माझी बहीण राजाची पणती, शंकरची नात आणि नारायणाची कन्या म्हणून, अग्नीच्या आणि ब्राह्मणांच्या साक्षीनं, दान केली गेली. आजोबा मांडवाबाहेर कडबा खात होते. बाबांनी प्रत्येक नावाला पळीभर पाणी सोडलं, आणि शंकरच्या नावाला त्यांचा हात थांबला. मी शेजारीच होते. त्यांनी ओठांतल्या ओठांत गणू म्हटलं आणि मग पाणी सोडलं. भटजींना ऐकू गेलं नाही.

पुढच्या माघात पोथी उघडली तेव्हा मालगुजारांचं पान सूर्यवंशाच्या शेवटच्या पानाला लागून ठेवलेलं होतं. ते त्यांनी मागितलं नव्हतं. बाबांनीच उचलून ठेवलं. मालगुजार त्या दिवशी पहिल्या ओळीत बसले होते, मी श्वास न घेता वाचलं, आणि झोपाळ्यावरचा तो म्हातारा माणूस तासाभरासाठी सूर्याचा झाला. बाबा बाहेर चिंचेखाली होते. पोथी त्यांनी त्या वर्षापासून माझ्याकडे दिली ती कायमची, आणि मागच्या पानांवर पुन्हा बोरू लावला नाही. कुणाला पूर्वज सापडला तर म्हणायचे, पोरीकडून लिहून घ्या, ती देते. ते हसून म्हणायचे, पण मला ते लागायचं. एका पोरीचा संसार उभा करताना मी त्यांच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली होती, आणि ती परत कशी द्यायची ते मला कळलं नाही. दोन नावांचं पान मी वर आलेलं पाहिलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटतं.

शेवंता सुखानं नांदली. मास्तर शेवटपर्यंत तिच्या करपलेल्या भाकरीची आठवण काढायचे. तिनं त्यांना लग्नानंतर महिनाभरात खरं सांगितलं होतं. ते दिवसभर हसले आणि म्हणाले, काकांना सांगू नकोस, त्यांना बैल चालतील पण चूक चालणार नाही. गुलाबराव गेले, मास्तर गेले, मागल्या वर्षी शेवंता गेली. वही मात्र राहिली.

परवा शेवंताचा नातू आला होता. नागपुरात मोठ्या हुद्द्यावर आहे, आजीवर जीव होता त्याचा. त्यानं आजीच्या आठवणीसाठी घराण्याचा इतिहास छापून काढला आहे, गुळगुळीत कागदावर, त्यात आजीच्या माहेरची शाखा वेगळी. मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला, भरघोस मिशांचा एक पुरुष. खाली लिहिलं आहे: मूळपुरुष सर्जाजीराव. आत मोतीराव आहेत, धवलसिंह आहेत. उत्तरेकडून कुठल्याशा लढाईनंतर हे घराणं जंगलात उतरलं, असं एका पानावर आहे. मी चष्मा लावून सगळं वाचलं. चित्रातल्या मिशांवर बराच वेळ हात ठेवून बसले. त्यानं गुलाबरावांची वही पुढे केली आणि विचारलं, आजी, दुसरी आवृत्ती काढतो आहे, सर्जाजीरावांच्या मागचं तुला काही ठाऊक आहे का?

मी त्याला सगळं सांगितलं, पान, शंकर, चिंचेखालची घंटा, सगळं. तो आधी हसला, मग कानांपर्यंत लाल झाला. एवढ्या प्रती वाटल्या होत्या त्यानं. मी म्हटलं, हे असू दे, बिचारे राबले आहेत, त्यांना काढू नकोस. पण सर्जाच्या वर एक नाव लिही. जुरी. तिनं माझ्या आजोबांना टोपलीतून घरी नेलं आणि तिच्याच गाईचा सर्जा. माणसाकडून धर, बैलाकडून धर, आमचा वंश तिच्यापासून सुरू होतो.

तो पेन घेऊन थांबला. म्हणाला, आजी, तिचं आडनाव काय, आणि या तक्त्यात बायकांना रकानाच नाही, लिहू कुठं?

"सात बैलायले जागा झाली ना बाप्पा," मी म्हटलं. "तिलेबी होईल. लिही."